काचेतले सरोवर

घरात काचेच्या टाकीत मासे पाळणे हा आपल्याकडे मुलांच्या हौसेचा विषय समजला जातो. व्याख्यानमालेचे एक पुष्प अशा विषयावर गुंफावे काय, अशी शंका कुणाच्या मनात आली, तर तिला अस्थानी म्हणता येणार नाही. इतिहास म्हटला की आपल्यापुढे राज्ये, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु फावल्या वेळात माणसाने काय केले, यालाही इतिहास असतो. आणि त्या काळचे विज्ञान, व्यापार, करपद्धती व निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी ही सारी पुष्कळदा त्याच इतिहासात एका ठिकाणी सापडतात.

आज मला माशांपेक्षा अधिक बोलावयाचे आहे ते टाकीत लावलेल्या वनस्पतींविषयी. तळाशी माती, तिच्यावर वाळू, चार दगड, एखादे झिजलेले लाकूड, त्यांमधून वर आलेली हिरवी पाने आणि त्या पानांतून फिरणारे मासे, असे हे दृश्य असते. नदीचा एक तुकडा उचलून घरात आणून ठेवला आहे, असा पाहणाऱ्याला भास होतो. हा भास साधण्याचे माणसाला केव्हा सुचले, त्यासाठी कोणती खटपट करावी लागली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे तीन प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मासे बाळगण्याची हौस फार जुनी आहे. चीनमध्ये सुंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, श्रीमंतांच्या तळ्यांत सोनेरी मासे राखीत असत. मिंग राजवटीत ते मोठमोठ्या मातीच्या कुंडांतून घरांत आले. कुंडातला मासा वरून पाहावयाचा असतो. म्हणून वरून शोभिवंत दिसतील अशाच जाती चिनी लोकांनी वाढविल्या. सतराव्या शतकात हे मासे जहाजांतून युरोपात पोहोचले. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने मे १६६५ मध्ये एका घरी काचेच्या भांड्यातल्या पाण्यात ठेवलेले परदेशी मासे पाहिले. ते तसेच कायमचे जगतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

पीप्सची ही समजूत भाबडी होती. भांड्यातला मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतो आणि त्याच पाण्यात अमोनियासारखे विषारी द्रव्य सोडतो. पाणी वेळच्या वेळी बदलले नाही तर तो मरतो. म्हणजे ज्या घरात मासा जगत होता, त्या घरात पाणी बदलणारे कुणी तरी होते. पाहुण्याला मासा दिसला; पाणी भरणारा हात दिसला नाही. या छंदाच्या पुढच्या साऱ्या इतिहासात हा न दिसणारा हात आपल्याला वारंवार भेटणार आहे.

भांड्यात वनस्पती का हवी, या प्रश्नाचे उत्तर मासे पाळणाऱ्यांकडून आले नाही. ते हवेचा अभ्यास करणाऱ्यांकडून आले. इंग्लंडात लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक होता. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की त्या हवेत पुन्हा ज्योत टिकत नाही, हे त्याला ठाऊक होते. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्याने अशा बिघडलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी पाहतो तो त्याच हवेत मेणबत्ती उत्तम जळू लागली! वनस्पती हवा सुधारते, एवढे यातून सिद्ध झाले. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने दाखवून दिले की हे काम वनस्पतीचा हिरवा भागच करतो आणि तोही उजेड असेल तरच. त्याने पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तेव्हा पानांवर वायूचे बारीक बुडबुडे धरले. अंधारात ते धरेनासे झाले. आज कुणाच्या घरी टाकीतल्या पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे चमकताना आपण पाहिले, तर तो इंगेनहाउझचाच प्रयोग दिवाणखान्यात चालला आहे असे समजावे.

या ज्ञानाला काचेचे घर मिळाले ते एका डॉक्टरामुळे. नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात वैद्यकी करीत असे. त्याला नेच्यांची फार आवड. परंतु कोळशाच्या धुराने भरलेल्या त्या वस्तीत एकही नेचा जगेना. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीवर ठेवून बाटलीत बंद केला. कोशातून पतंग केव्हा निघतो, हे त्याला पाहावयाचे होते. मातीत मात्र आपोआप एक नेचा आणि थोडे गवत उगवले. बाटलीच्या आत दिवसा पाण्याची वाफ होऊन काचेवर जमे, रात्री ती पुन्हा मातीत उतरे. बाहेरचा धूर आत येत नसे. वॉर्डने मग काचेच्या मोठ्या पेट्या करविल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे भरून ती जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठविली आणि ती जिवंत पोहोचली. १८४२ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक लिहिले. आपल्याशीही या पेटीचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली, ती वॉर्डच्या पेट्यांतूनच. एका डॉक्टराच्या नेच्यांच्या हौसेचा धागा असा साम्राज्याच्या व्यापारापर्यंत जाऊन पोहोचला.

इंग्लंडात काच महाग होती, कारण तिच्यावर जबर कर होता. १८४५ मध्ये तो कर रद्द झाला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढच्या दहा वर्षांत घरोघर काचपेट्या दिसू लागल्या, त्यामागे हे साधे आर्थिक कारण आहे. छंदाच्या इतिहासात अर्थमंत्र्याचाही वाटा असतो, तो असा.

याच सुमारास दोन स्त्रियांनी पाण्यातले जीव जवळून पाहण्याचे काम हाती घेतले होते. सिसिली बेटावर मेसिना येथे राहणाऱ्या झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करवून त्यांत अर्गोनॉट नावाचा समुद्री जीव ठेवला. हा जीव आपले कवच स्वतः तयार करतो की दुसऱ्याचे बळकावतो, असा वाद त्या काळी होता. तो कवच स्वतःच बनवितो, हे त्यांनी टाकीत निरीक्षण करून दाखविले. दुसऱ्या लंडनच्या ॲना थिन. त्यांनी १८४६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले. लंडनला समुद्र नाही. आणलेले पाणी ताजे ठेवायचे कसे? त्यांनी घरच्या दासीला कामाला लावले. उघड्या खिडकीपाशी उभे राहून त्या मुलीने ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा पाऊण तास ओतावे, असा रोजचा क्रम ठरला. हवेशी मिसळून पाण्याला प्राणवायू मिळे आणि प्रवाळ जगे. पुढच्या वर्षी त्यांनी समुद्री वनस्पती आणून भांड्यात घातल्या. ज्या दासीच्या हातांवर ही सारी विज्ञानाची हौस उभी होती, तिचे नाव आज कोणी घेत नाही.

दासीचे काम वनस्पतीकडे कायमचे सोपविता येईल काय, याची पद्धतशीर परीक्षा केली ती रॉबर्ट वॉरिंग्टन याने. हा लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होता आणि तिथल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होता. मे १८४९ मध्ये त्याने सुमारे बारा गॅलन पाणी मावेल असे काचपात्र घेतले, तळाशी वाळू व खडे पसरले, त्यांत व्हॅलिसनेरिया नावाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. काही दिवस सारे ठीक चालले. मग झाडाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवट थर चढला. वॉरिंग्टनने विचार केला की निसर्गातल्या डबक्यात ही घाण कोण साफ करतो? त्याने तळ्यातल्या पाच सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, थर चाटून काढला आणि त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. पाणी पुन्हा निवळ झाले. मार्च १८५० मध्ये त्याने हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांनी एकमेकांना जगवावे, माणसाने फक्त पाहावे, असा समतोल आपण साधला आहे, अशी त्याची धारणा झाली.

श्रोतेहो, एका रसायनतज्ज्ञाच्या भांड्यात दोन मासे जगले, एवढेच या घटनेचे महत्त्व नाही. निरनिराळ्या जातींचे जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, हा विचार पंडितांच्या ग्रंथांत होता. तो सामान्य माणसाला टेबलावर ठेवून डोळ्यांनी पाहता येण्याजोगा झाला.

यानंतर या छंदाची साथच पसरली. ती पसरविणारा माणूस म्हणजे फिलिप हेन्री गॉस. हा निसर्गाभ्यासक होता, उत्तम चित्रे काढी आणि लिहिण्याची हातोटीही त्याला होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यातील पुष्कळसे जीव गॉसनेच जमविलेले होते. १८५४ मध्ये त्याचे ‘ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि हाच शब्द पुढे सर्वांच्या तोंडी बसला. काचपेटी ही सुसंस्कृत घराची खूण झाली. रेल्वे नुकतीच किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. लोक जाळी आणि बरण्या घेऊन समुद्रावर लोटू लागले.

वॉरिंग्टन आणि गॉस या दोघांच्याही मुलांनी पुढे बापाच्या कामावर प्रकाश टाकला, हा या इतिहासातला एक विलक्षण योग आहे. एकाने पेटीच्या आत काय चालते ते सांगितले. दुसऱ्याने पेटीच्या बाहेर काय घडले ते सांगितले.

वॉरिंग्टनच्या मुलाचे नावही रॉबर्टच. तो रॉथमस्टेड येथील प्रसिद्ध शेतकी संशोधन केंद्रात रसायनतज्ज्ञ झाला. जमिनीत घातलेल्या खतातला अमोनिया पिकाला उपयोगी पडणाऱ्या नायट्रेटमध्ये कसा बदलतो, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. हे काम सूक्ष्म जीव करतात, असे फ्रान्समधील श्लेसिंग व म्यून्त्झ यांनी १८७७ मध्ये दाखविले होते. धाकट्या वॉरिंग्टनने पुढे सिद्ध केले की हा बदल दोन टप्प्यांत होतो; आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांना वेगवेगळे जीवाणू लागतात. १८९० मध्ये विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे काढले.

शेतातल्या मातीचा हा शोध बापाच्या काचपात्रालाही तंतोतंत लागू पडतो. १८४९ मध्ये मासे जगले, त्यात झाडाचा आणि गोगलगायीचा वाटा होताच. पण वाळूच्या कणाकणांवर वाढलेले जे जीवाणू माशाचे विष पचवीत होते, ते थोरल्या वॉरिंग्टनच्या हिशेबात नव्हते. प्राणवायूची गोष्टही तशीच. पुढील अभ्यासात स्पष्ट झाले की टाकीतल्या पाण्याला प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरून, हवेतून मिळतो. वनस्पती दिवसा त्यात भर घालतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. शिवाय मासे वाढतात, पाणी आटते, क्षार साचतात. कुणीतरी पाणी बदलावेच लागते. आपोआप चालणारा पूर्ण समतोल ही कल्पना त्यामुळे मागे पडली. गॉस व वॉरिंग्टन यांचे अनुकरण करणाऱ्या हजारो हौशी लोकांच्या पेट्या गढूळ का झाल्या आणि १८६० नंतर इंग्लंडात ही साथ का ओसरली, याचे उत्तर बव्हंशी इथे आहे. दासीला सुट्टी देता येते, असे त्यांना वाटले होते. ती देता येत नव्हती.

आता दुसरा मुलगा. एडमंड गॉस हा पुढे नावाजलेला साहित्यिक झाला. १९०७ मध्ये त्याने आपल्या बापाविषयी व स्वतःच्या बालपणाविषयी ‘फादर अँड सन’ हे पुस्तक लिहिले. लहानपणी बापाबरोबर पाहिलेल्या खडकांतल्या पाणथळी, त्यांतले रंगीत जीव, यांचे वर्णन करून तो सांगतो की ते सौंदर्य आता उरले नाही. बरण्या घेऊन आलेल्या हौशी लोकांच्या फौजेने ते किनारे ओरबाडून नेले. आणि ज्याने लोकांना ही गोडी लावली, तो आपला बापच या नाशाला नकळत कारण झाला, याचे त्या वृद्ध माणसाला फार दुःख होते. श्रोतेहो, निसर्गावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाच्या पुस्तकाने निसर्गाची हानी व्हावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पेटीत जे आले ते कुठून तरी उचललेलेच होते.

इंग्लंडात समुद्री पेट्यांची साथ चढत असतानाच जर्मनीत गोड्या पाण्याची आणि वनस्पतींची वाट मोकळी झाली. तिथला प्रवर्तक एमिल आडोल्फ रॉसमेस्लर. हा वनविद्यालयात प्राध्यापक होता. १८४८ च्या क्रांतीत तो फ्रँकफुर्टच्या राष्ट्रीय सभेचा सभासद झाला. क्रांती फसली आणि त्याची नोकरी गेली. मग लाइपझिगला येऊन त्याने लोकशिक्षणाचे व्रत घेतले; शहरोशहरी व्याख्याने दिली, सोप्या भाषेत लेख लिहिले. १८५६ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकात त्याचा लेख आला. त्याच्या मथळ्याचा मराठीत अर्थ होतो ‘काचेतले सरोवर’. आजच्या व्याख्यानाचे नाव मी तिथूनच घेतले आहे. समुद्राचे पाणी आतल्या गावी मिळत नाही, पण गावाबाहेरचे डबके प्रत्येकाला जवळचे आहे. तिथली झाडे लावा, तिथले जीव ठेवा, आणि आपल्याच परिसराकडे नव्या डोळ्यांनी पाहा, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता. ज्या माणसाला राज्यकर्त्यांनी वर्गाबाहेर काढले, त्याने घराघरातल्या खिडकीत वर्ग उघडला.

विसाव्या शतकात विजेचे दिवे, पाणी तापविणारी उपकरणे आणि पंप आले. टाकीला खिडकीशी बांधून राहण्याची गरज उरली नाही. उष्ण प्रदेशांतली झाडे थंड देशांत वाढू लागली. हॉलंडमध्ये १९३० साली हौशी लोकांच्या मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिथे या कलेला शिस्त आली. डच पद्धतीत मासा दुय्यम, वनस्पती मुख्य. बागेतल्या ताटव्यांप्रमाणे एकेका जातीचे गट लावावयाचे. लाल पानाशेजारी हिरवे, रुंद पानाशेजारी बारीक. पुढे ठेंगणी, मागे उंच. आणि एक तिरकी वाट आत आत निमुळती होत गेल्यासारखी दिसावी. या वाटेला तिथे लायडन गावच्या रस्त्याचे नाव आहे. स्पर्धेचे परीक्षक लोकांच्या घरी जाऊन टाक्या पाहतात, कारण अशी बाग उचलून प्रदर्शनात नेता येत नाही.

डच टाकी ही उघडउघड बाग होती. ती रानासारखी दिसावी, असा आग्रह जपानमधून आला. ताकाशी अमानो याचा जन्म १९५४ मध्ये निगाता प्रांतात झाला. आधी तो व्यावसायिक सायकलपटू होता, मग निसर्गाची छायाचित्रे काढणारा झाला. मोठ्या आकाराचे कॅमेरे घेऊन त्याने जपानातल्या आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलांची चित्रे घेतली. १९८२ मध्ये त्याने टाक्यांसाठी लागणारे साहित्य करणारी संस्था काढली आणि १९९२ पासून त्याची चित्रमय पुस्तके जगभर गेली. जपानी उद्यानात दगड मांडण्याचे जे शास्त्र आहे, ते त्याने पाण्याखाली नेले. दगड विषम संख्येत घ्यावेत, एक मुख्य, बाकीचे त्याला साथ देणारे. मुख्य दगड मधोमध नसावा. भोवती बुटके गवत पसरावे. पाहणाऱ्याला दोन हात लांबीच्या टाकीत डोंगर आणि माळ दिसू लागतो.

हे साधायचे तर झाडे जोमाने वाढली पाहिजेत, आणि तिथे एक अडचण होती. वनस्पतीचे अन्न म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवेच्या मानाने पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. वाहत्या ओढ्यात तो नव्याने येत राहतो. साचलेल्या टाकीत झाड उजेडात असूनही उपाशी राहते. अमानोच्या पद्धतीत हा वायू नळकांड्यातून थेंबाथेंबाने पाण्यात मिसळतात, दिवे प्रखर ठेवतात, तळाशी कसदार माती घालतात. जोम वाढला की शेवाळही वाढते. त्यावर अमानोने जपानी ओढ्यातली एक लहान कोळंबी नेमली, आणि आज ती जगभर त्याच्या नावाने ओळखली जाते. वॉरिंग्टनच्या गोगलगायीचीच ही धाकटी बहीण म्हणावी. १९९० च्या दशकानंतर ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयासाठी अमानोने चाळीस मीटर लांबीची, एक लाख साठ हजार लिटर पाण्याची टाकी रचली; ते त्याचे अखेरचे मोठे काम. त्याच वर्षी तो वारला.

अशी टाकी पाहिली की कुणीही म्हणेल, किती नैसर्गिक! आणि तिच्या मालकाला विचारले तर तो सांगेल की दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे लागते, कात्रीने पाने छाटावी लागतात, काच पुसावी लागते, दिव्याचे तास मोजावे लागतात. आठ दिवस हात फिरवला नाही तर रान माजते आणि डोंगर दिसेनासा होतो. ॲना थिनबाईंच्या दासीचे काम इथे मालकाने स्वतःच्या अंगावर घेतले आहे, आणि मला वाटते, हीच या छंदाची खरी प्रगती आहे. समतोल आपोआप राहतो, हा भ्रम त्याने टाकला. समतोल राखावा लागतो, हे त्याचे हात रोज शिकतात.

आता आपल्या घराकडे येऊ. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाण्याखालचे जग पहिल्यांदा पाहिले ते तिथल्या काचेतून. परंतु आपला या छंदाशी संबंध त्याहून जुना आणि खोल आहे, कारण जगाच्या टाक्या भरण्यात आपल्या नद्यांचा मोठा वाटा आहे. झेब्रा डॅनिओ या पट्टेदार माशाचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात केले. तो आज जगभर घरांत आहे आणि प्रयोगशाळांतही आहे. टाकीत लावतात त्या क्रिप्टोकोरिन आणि रोटाला या वंशांच्या कित्येक जाती आपल्या सह्याद्रीच्या. पावसाळ्यात पाण्याखाली राहावे आणि पाणी ओसरल्यावर फुलावे, हा क्रिप्टोकोरिनचा स्वभाव. म्हणून टाकीतल्या कायमच्या पाण्यात ती पानांनी डवरते, पण सहसा फुलत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात वायतुरा उगवतो. त्याची शास्त्रीय नोंद १९८२ मध्ये झाली आणि साताऱ्याचेच नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. तोही ज्या वंशातला आहे, त्या वंशाच्या जाती जगभर टाक्यांत लावल्या जातात.

इथे एडमंड गॉसची आठवण पुन्हा होते. २००५ ते २०१२ या आठ वर्षांत भारतातून संकटग्रस्त जातींचे सुमारे पंधरा लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले, असे अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले आहे. त्यांत तीन माशांचा वाटा मोठा होता. एक, केरळच्या ओढ्यांतला लाल रेघेचा डेनिसन बार्ब. दुसरा, तिथलाच चिमुकला फुगा मासा. आणि तिसरा झेब्रा लोच, जो सह्याद्रीतून कृष्णेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या आपल्या नद्यांत राहतो. कोल्हापूर भागातला मासा परदेशातल्या दिवाणखान्यात पोहोचावा आणि कोल्हापूरकरांना त्याचे नावही ठाऊक नसावे, हे मोठे चमत्कारिक आहे. १८५० च्या दशकात इंग्रजांनी निदान स्वतःचा किनारा लुटला होता.

उलट्या दिशेची हानीही तितकीच खरी आहे. आपल्याकडच्या पाण्यात निमूट राहणारी हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीतली वनस्पती म्हणून अमेरिकेत फ्लॉरिडाला गेली. तिथे ती कालव्यांत टाकली गेली आणि तिने सरोवरे भरून टाकली. आपल्याकडे शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मुळा, मुठा, इंद्रायणी, पंचगंगा यांचा गळा कशी धरते, हे मी आपल्याला सांगायला नको. टाकीची काच चाटून साफ करणारा सकर मासा मोठा झाला म्हणून कुणी नदीत सोडला. आता तो उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात येतो आणि जाळी फाडतो. टाकी नकोशी झाली की आतले सारे नदीत ओतणे हे अनेकांना भूतदयेचे काम वाटते. मासा वाचतो असे त्यांना वाटते. त्या नदीतल्या माशांचे काय होते, ते पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही.

मग हा छंद सोडावा काय? मला तसे वाटत नाही. ज्या मुलाने वर्षभर एक टाकी सांभाळली, त्याला पाण्यातल्या विषाचे दोन टप्पे, मातीतल्या जीवाणूंचे काम आणि उजेडाचा हिशेब पाठ न करता समजतो. नदीत सांडपाणी सोडल्यावर मासे का मरतात, हे त्याला भाषणाने पटवून द्यावे लागत नाही. त्याने ते आपल्या टाकीत एकदा तरी पाहिलेले असते. मात्र ज्या हाताने तो टाकीतला समतोल राखतो, तोच हात नदीपर्यंत पोहोचला पाहिजे. दुकानात मासा घेताना तो पैदाशीचा आहे की ओढ्यातून पकडलेला, एवढे विचारावे. पठारावरचे रोप उपटू नये. रोपवाटिकेत वाढविलेली झाडे आता मिळतात. टाकी मोडायची झाली तर मासे व झाडे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत, ओढ्यात टाकू नयेत.

आणि रॉसमेस्लरने सांगितलेली गोष्ट ध्यानात ठेवावी. काचेतले सरोवर हे गावाबाहेरच्या तळ्याची ओळख करून देण्यासाठी आहे. येत्या पावसाळ्यात आपल्या मुलांना घेऊन जवळच्या एखाद्या ओढ्यावर जा. पाणी निवळल्यावर काठावर बसा आणि तळाशी कोणती झाडे आहेत, त्यांमधून कोण फिरते, ते पाहून या. बरणी मात्र घरीच ठेवा.